रिबेलोचा वाकडा दात

१९५४ साली सांताक्रूझ स्टेशनजवळ माझा दातांचा दवाखाना होता. एका सकाळी वाकोल्याहून सिप्रियान रिबेलो नावाचा माणूस आला. हडकुळा, दाढीमिशी सफाचट, वरचा पुढचा एक दात गेलेला. त्याने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, दात असा पाहिजे. अगदी असाच वाकडा."

फोटोत गुबगुबीत, मिशीवाला माणूस हसत होता. त्याचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला.

"हे कोण?"

"मीच. टायफॉइडच्या आधीचा. आजारात चक्कर येऊन मोरीत पडलो, दात गेला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला बोलू नका हां. शनिवारच्या आत पाहिजे."

वाकडे दात सरळ करायला लोक यायचे. वाकडाच हवा म्हणणारा हा पहिला. मी ठसा घेतला, पण फोटोतल्या माणसाचे कान मला वेगळे वाटत राहिले. जेवताना बायकोला, मृणालिनीला, सांगितलं.

"दुसऱ्याच्या नावावर उभं राहायचं असेल त्याला," ती म्हणाली. "कुणाच्या तरी इस्टेटीवर डोळा असणार. उद्या तुम्हाला कोर्टात खेचतील."

मला पटलं. मी दात सरळ बनवला, ओळीत नीट बसेल असा. शुक्रवारी त्याने आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हा माझा नाही."

"रुळेल तोंडात. वाकडा बनवता येत नाही," मी चक्क खोटं बोललो.

सोमवारी तो एक काळी पेटी घेऊन परत आला. तो पेटीची कडी काढू लागला तसा मी खुर्चीमागे सरकलो. आत ट्रम्पेट होतं. त्याने ते ओठांना लावलं. सूर निघाला, वर चढला आणि मध्येच फाटला. मग नुसती हवा.

"वीस वर्षं त्या वाकड्या दातावर ओठ टेकवून वाजवलं," तो म्हणाला. "फोर्टातल्या हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये पहिली खुर्ची, मुख्य ट्रम्पेटवाल्याची, माझी. शनिवारी आजारपणानंतर पहिल्यांदा वाजवलं आणि बँडमास्तरने ती दुसऱ्याला दिली. दात गेला हे त्याला कळायला नको होतं, म्हणून गप्प राहा म्हटलं."

मला काय वाटलं होतं ते मी त्याला सांगितलं. तो हसला नाही.

"विचारायचं ना, डॉक्टर. पेटी घरीच होती, आणून वाजवून दाखवलं असतं."

मी नवा दात बनवला, फोटोतल्यासारखा. तो फुंकायचा, मी कानस मारायचो, तो पुन्हा फुंकायचा. बाहेर पेशंट ताटकळत बसलेले. तिसऱ्या दिवशी सूर वर गेला आणि फाटला नाही.

बँडमधली पहिली खुर्ची मात्र त्याला परत मिळाली नाही. पुढे तो अंधेरीला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागला, वीसपंचवीस वादकांच्या मागच्या रांगेत. दात बसवलेली पट्टी घासून घ्यायला माझ्याकडेच यायचा. पण मी कानस उचलली की खुर्चीवरून उठून माझ्या हाताशेजारी उभा राहायचा, आणि ट्रम्पेट वाजवून बघितल्याशिवाय दवाखान्याबाहेर पाऊल टाकायचा नाही.