थोरलीखालची न्याहारी

हार्विक गावाची एक गंमत आहे. जे झाड पाडा म्हणून अख्ख्या गावाने घसे फोडले, त्याच झाडाच्या जिवावर आता गाव जेवतं. झाडाचं नाव थोरली. पेट्रोल पंपावर तिचं चित्र असलेल्या टोप्या मिळतात. त्या विकणारा माणूस त्या काळी झाड वाचवणाऱ्यांच्या गाड्यांचे टायर फोडत हिंडायचा. कुणी आठवण करून दिली तर म्हणतो, धंदा तो धंदा. गावही त्याला हसत नाही, कारण हसायला तोंड कुणाला आहे?

हेल्वी निएमीने मात्र त्या झाडाकडे पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. आज ती निघाली, तीही नणंदेच्या गाडीतून, आणि नणंद लेम्पी वाटभर बडबडत होती.

"वहिनी, एवढा दमा घेऊन कुठे निघालीस? झाड काय पळून जाणार आहे? आठशे वर्षं उभं आहे मेलं."

"मी कुठे आठशे वर्षं थांबणार आहे?" हेल्वी म्हणाली.

यावर लेम्पीने नजर रस्त्यावर वळवली. जिभेला हाड नसलेली बाई असली तरी आज कशाला निघालोय हे तिला ठाऊक होतं.

तीसेक वर्षांपूर्वी लाकूड कंपनीने थोरली पाडू नये म्हणून हेल्वीची एकुलती एक लेक आइला त्या झाडावर जाऊन बसली होती. बाप झाडं पाडणारा, आई लाकूडतोड्यांच्या कँपात स्वयंपाकीण, आणि पोरगी जाऊन बसली समोरच्या गोटात. आणखी एका मुलीबरोबर वर फांद्यांत फळ्या बांधून तिने अख्खा हिवाळा काढला. शेवटी सरकार नमलं. दरीतलं बाकीचं जंगल गेलं ते गेलंच, पण थोरली आणि तिच्या भोवतीचा तुकडा वाचला. आइला झाडावरून उतरली आणि घरी न येता बसमध्ये बसून देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. बापाच्या मयतालाही आली नाही. हेल्वी दर नाताळला पत्र टाकायची. उत्तर कधी आलं नाही आणि पत्रंही कधी परत आली नाहीत. तेवढ्यावर ही बाई जगली. या मार्चमध्ये एका अनोळखी बाईचा फोन आला, आइला गेली म्हणून. कर्करोग होता. पुरूनही झालं होतं.

हेल्वीने फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. फिनलंडहून आलेल्या त्यांच्या माणसांत चारचौघांत गळा काढायची रीत नाही, आणि ती एकटी असली तरी रीत ती रीत. पण त्या दिवसापासून एकच प्रश्न तिचं काळीज कुरतडत होता. लेक तर परत मिळणार नव्हती. निदान त्या एका सकाळचं उत्तर मिळावं, एवढंच तिला हवं होतं.

ती सकाळ अशी. हिवाळा सरत आला होता आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी झाडावर जाणारं अन्न अडवलं होतं. पोरी उपाशी होत्या. गावातल्या बायकांना नामी युक्ती सुचली. कँपाची गॅसची शेगडी आणि भट्टी ट्रकवर चढवायची, थेट थोरलीच्या बुंध्याशी न्यायची आणि तिथे न्याहारी रांधायची. बेकन आणि कांदा परतल्याचा वास वर गेला की भल्याभल्यांचं तत्त्वज्ञान खाली उतरतं, असा त्यांचा हिशेब. स्वयंपाकाला कोण? तर हेल्वी. तिने हो म्हटलं तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, याला म्हणतात छाती, पोटच्या पोरीची भीड नाही.

हेल्वीच्या मनात निराळंच होतं. तिने भट्टीत पुला लावला. पुला म्हणजे लोण्याचा गोड वेणीपाव. सगळ्याच घरी व्हायचा, पण हेल्वीइतका वेलदोडा त्यात कुणी घालत नसे. त्या दिवशी तिने दुप्पट घातला. आइला आजारातून उठली की हाच पाव मागायची. वास वर जाईल, पोरीला कळेल की खाली आई आहे, पोरगी उतरेल, असं त्या वेड्या बाईला वाटलं होतं.

पोरगी उतरली नाही. वास वर पोचला की नाही? पोचला तर तिला कळलं का? हा तो प्रश्न.

लेम्पीचे गुडघे गेलेले, ती गाडीतच बसली. हेल्वी फळ्यांच्या पायवाटेने एकटी चालत गेली. दोन ठिकाणी थांबून तिने श्वास घेतला. थोरली समोर आली तेव्हा आधी ते झाड वाटलंच नाही, भिंत वाटली. हेल्वीने मान वर केली, टोक काही दिसेना. एवढ्या उंचावर माझी पोर झोपत होती, हे तिला आज पहिल्यांदा नीट कळलं.

पायवाटेवर एक पन्नाशीची बाई काटक्या झाडत होती. पिकलेली वेणी, देखरेख करणाऱ्यांचा हिरवा डगला.

"बसा मावशी, तिथे बाक आहे. सगळेच मान वर करतात आणि मग चक्कर येते."

"तुम्ही इथल्याच?" हेल्वीने विचारलं.

"पगार इथला. पण एक हिवाळा या झाडावर फुकट राहिलेय." बाई हसली. "आम्ही दोघी होतो. मी आणि चिमणी."

हेल्वीने बाकाची कड धरली. "चिमणी?"

"खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही, असा आमचा नियम. पोलिसांनी धरलं तर सांगायला काही नको. मी शेवाळ, ती चिमणी. गावातलीच होती पण, एवढं मला कळलं होतं."

"कशावरून?"

बाईने झाडू बुंध्याशेजारच्या कठड्याला टेकवला आणि हेल्वीच्या बाजूला येऊन बसली. सांगायची हौस होती तिला. रोज येणाऱ्या पाहुण्यांना झाडाचा घेर आणि उंची सांगून माणूस कंटाळणारच.

"तुम्ही बोलण्यावरून गावातल्या वाटता, म्हणून सांगते, तुमच्या गावच्या बायकांनी एकदा इथे खाली चूल मांडली होती. रागावू नका हं मावशी, पण असा छळ मी दुसरा पाहिला नाही. आम्ही पायातल्या बुटाचं चामडं चावायच्या बाकी होतो. आधी बेकनचा वास आला. मी रडायलाच लागले. आणि मग त्यातून वेलदोड्याचा आला."

हेल्वी तिच्याकडे वळून बसली.

"चिमणी ताडकन उठून बसली. म्हणाली, आई आलीय. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. ती म्हणाली, नाही, हा हात आईचाच, ती मला न्यायला आलीय. आणि मावशी, ती निघाली. झाड वगैरे सगळं गेलं खड्ड्यात. दोर कमरेला बांधला, एक पाय फळीखाली सोडला. मी तिला अडवलंही नाही. खरं सांगते, तिच्या मागोमाग मीही उतरणार होते."

"मग?" हेल्वीचा आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. तिने पुन्हा विचारलं, "मग का नाही उतरली?"

"खालून हसणं ऐकू आलं. कुणीतरी काहीतरी बोललं असेल आमच्यावर, आणि एक बाई हसली. केवढ्याने! सगळ्यांच्या वर तिचा आवाज. चिमणी तशीच लोंबकळत राहिली. मग पाय वर घेतला, दोर सोडला. म्हणाली, हसणारीही आईच आहे. त्यानंतर आई हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही."

लांबून मोटारीचा भोंगा वाजला. लेम्पी कंटाळली असावी. काय बोलली होती लेम्पी त्या सकाळी? "वहिनी, लेकीला म्हणावं, वर पाला तरी पुरतोय का?" असलंच काहीतरी. बायका फिदीफिदी हसल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे हेल्वीच्या तोंडाकडे लागले होते. नवरा चार हातांवर उभा होता, मुकादमाशेजारी. तिथे पोरीला नावाने हाक मारायची हिंमत तिला झाली नव्हती. पण आवाज तर पोचवायचा होता. पोरीने ओळखावा असा आवाज. म्हणून तिने मान वर करून, होता नव्हता तेवढा जीव काढून हसून घेतलं होतं. तिला वाटलं होतं, हाक मारली.

"ती भेटते का तुम्हाला गावात कधी?" बाई विचारत होती. "मी फार शोधलं तिला, पण त्या हिवाळ्याचं गावात कुणी तोंडातून काढत नाही. नावच माहीत नाही, शोधणार कशी?"

"आइला," हेल्वी म्हणाली. "आइला निएमी. मार्चमध्ये वारली."

बाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग तिने विचारलं, "तुम्ही कोण तिच्या?"

"हसले ती मी," हेल्वी म्हणाली. "तिला बोलवत होते."