गाइडची उजवी बाजू

त्या शेवटच्या साध्यासुध्या दुपारी मी बाबांना सहा वेळा टोकलं.

राजधानीचा इतिहास सांगणारं एक ॲप आम्ही बनवत होतो. फोन कानाला लावायचा आणि आवाज नेईल तसं जुन्या शहरातून चालायचं. बाबा एकतीस वर्षं तिथेच गाइड होते, म्हणून रेकॉर्डिंगला त्यांना बोलावलं होतं.

“आता तुमच्या उजवीकडे जुनी टांकसाळ...”

“डावीकडे, बाबा! नकाशा समोर ठेवलाय ना?”

“त्यानंच तर घोळ होतोय, बाईसाहेब.”

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “काका, घड्याळाचा हात तो डावा.”

“घड्याळ घरी राहिलंय. आता हातच ओळख देईना!”

घरी जाताना त्यांनी विचारलं, “जमलं का गं? की माती केली मी?”

“बघू,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. “ताई, काकांचा आवाज सोन्यासारखा आहे, पण त्यांच्या नादानं लोक भलत्याच गल्लीत शिरतील. तुम्ही आधी घेऊन ठेवलेला तो दुसरा आवाज टाकू? आजच सांगा.”

मी हेडफोन लावून जुन्या चौकात गेले. बाबा ‘उजवीकडे’ म्हणाले, तर उजवीकडे चपलांचं बंद दुकान.

तेवढ्यात एक गाइड बाई आपला घोळका घेऊन आली. तोंड लोकांकडे, चाल उलटी. मागे न पाहता ती पायरी अचूक उतरली, उजवा हात टांकसाळीकडे केला आणि म्हणाली, “तुमच्या डावीकडे.”

मी जागीच थांबले. एकतीस वर्षं बाबांनी असंच स्वतःचं उजवं लोकांसाठी डावं केलं होतं. मी नकाशा पुढे ठेवला, तर त्यातलं डावंही त्यांनी सवयीनं उजवं केलं.

मी रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला. “बाबांचाच आवाज ठेवा. डावं-उजवं तेवढं कापा, ते मी माझ्या आवाजात सांगेन.”

“दोघं मिळून? चालेल की, ताई.”

फोन ठेवला. हेडफोनमध्ये बाबा टांकसाळीतल्या कारागिरांबद्दल रंगून सांगत होते. मी त्यांना मध्येच थांबवलं आणि भर चौकात मोठ्यानं म्हणाले,

“बाबा, दुसरा आवाज मी तुमच्या आधीच ठरवला होता. तुम्हाला नुसतं मन राखायला बोलावलं होतं.”