चोवीस दिवसांचा तंबू

१९६४ च्या सप्टेंबरात एर्लांगेनमध्ये मराठी माणसं होती मोजून नऊ, आणि त्यातल्या सातांच्या तोंडी एकच विषय होता. आठवा श्रीनाथ केंकरे, तो मोटारसायकलवर पोर्तुगाल फिरून आला होता. फिरून आला तो आला, वर तंबूत राहून आला.

नववी उल्का. तिच्या मात्र तो विषय तोंडी नव्हता, पोटात होता. ती विद्यापीठात डॉक्टरेट करत होती, श्रीनाथ विजेच्या कारखान्यात इंजिनियर होता, आणि दोघांचं लग्न जुळावं असं घरच्यांच्या मनात होतं. बेळगावहून वडिलांचं पत्र येऊन पडलं होतं: माणूस तू जवळून पाहिलास, होय की नाही ते महिनाअखेर कळव. वडिलांच्या डाव्या गुडघ्यात पंचावन्न सालच्या गोवा सत्याग्रहातली पोर्तुगीज गोळी होती. श्रीनाथ गोव्याचा, फोंड्याकडचा. यावर ते उलट खूशच होते. सोडवलेल्या मातीतला जावई, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी दिनकर आणि लतिकाच्या घरी श्रीनाथनं भिंतीवर फोटो दाखवले. चादर टांगली, बटाट्याच्या भाजीचा वास घरभर फिरला, आणि प्रवास सुरू झाला. फ्रान्समध्ये तीन दिवस पाऊस, बूट रात्रभर पोटाशी धरून निजला तरी ओलेच. स्पेनच्या घाटात क्लचची केबल तुटली, ती एका न्हाव्यानं जोडून दिली. पुढे पोर्तुगालची तापलेली माती, इतकी टणक की तंबूचे खुंटे वाकले, आत शिरेनात. बाटल्यांच्या बुचांची झाडं, साल उतरवलेली, लालभडक उघडी, प्रत्येकाच्या अंगावर चुन्यानं सोलणीच्या वर्षाचा आकडा घातलेला. एका शेळीनं नकाशा खाल्ला. एका म्हातारीनं लसूण-कोथिंबिरीचं गरम पाणी शिळ्या पावावर ओतून वाढलं.

"कोथिंबीर?" लतिका कळवळून म्हणाली. दोन वर्षं तिनं कोथिंबीर पाहिली नव्हती.

सगळे हसले. उल्का हसली नाही. ती मोजत होती. जायला सहा दिवस, यायला सहा दिवस. प्रत्येक दिवसाचे दोन-तीन फोटो. आणि रजा होती चोवीस दिवसांची. मधल्या बारा दिवसांचा फोटो एकच: एका झाडाखाली तंबू, दार बंद, माणूस नाही.

दिनकरनं आपल्या तिरकस पद्धतीनं विचारलंच. "काय रे केंकरे, पोर्तुगालशी आपलं बोलणंसुद्धा बंद आहे. आम्हाला तिथे पायरी चढू देणार नाहीत. तुला काय सासुरवाडीचं आमंत्रण होतं?"

श्रीनाथ म्हणाला, सीमेवर कुणी फारसं विचारलं नाही. आणि चादर काढायला उठला. फोटो अजून चार उरले होते.

भांडी पुसताना लतिकानं उल्काला कोपरानं ढोसलं. "बारा दिवस पुरुष माणूस एका झाडाखाली काय करतो गं?"

मग उल्काला सगळंच दिसू लागलं. दर वर्षी ऑगस्टमध्येच जाणं. कुणी बरोबर येतो म्हटलं की मोटारसायकलचं मागचं चाक डुगडुगतं असं सांगणं. घरच्यांबद्दल विचारलं की काकांचं नाव, काकूचं नाव, आणि आई नाही एवढंच. संशय दुधात पडलेल्या माशीसारखा. एकदा दिसला की पेला तोंडाला लावता येत नाही.

तंबू ओला होता आणि श्रीनाथची घरमालकीण तो घरात सुकवू देत नव्हती. म्हणून तो उल्काच्या घराच्या माळ्यावर, कपड्यांच्या दोरीवर येऊन पडला होता. रविवारी दुपारी ती तो उलटायला गेली. हेतू उलटण्याचाच होता, पण हात खिशाखिशात गेले. एक वाकडा खुंटा, मेणबत्तीचं टोक. मग मागच्या बाजूला बोटाला ठिगळ लागलं.

निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं, एप्रनचं असावं असं कापड. ती खिडकीशी घेऊन गेली. टाका कडेनं सुरू झाला होता, चौकोनात फिरत आत आत येत मधोमध थांबला होता. ओळीमागे ओळ, तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा. तिच्या मावशीनं तिला अगदी असाच शिकवला होता, जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर. जर्मन बायका असं शिवत नाहीत. पोर्तुगीज बायका शिवत असतील असं तिला वाटेना. हा हात आपल्याकडच्या बाईचा होता.

म्हणजे बाई होती. तिथे, त्या झाडाखाली, मांडीवर तंबू घेऊन बसलेली. असली शिवण घाईची नसते, पुन्हा पुन्हा येऊन केलेली असते.

तिनं निरोप धाडला. तासाभरात श्रीनाथ आला, माळ्याच्या जिन्याशी थबकला. तंबू जमिनीवर पसरला होता, ठिगळ वर.

"हे कुणी शिवलं?"

"एका बाईनं. तिथल्याच."

"तिथल्याच बाईनं गोधडीचा टाका घातला? मला फसवू नका श्रीनाथ. मी बाबांना नाही म्हणून लिहिणार आहे. फक्त कुणासाठी नाही म्हणते आहे, तेवढं कळू दे."

तो दोरीखाली वाकून आला आणि तंबूच्या कडेशी बसला. कोकणी माणूस, लहानथोर सगळ्यांनाच तू म्हणायचा.

"तू म्हणतेस ती बाई माझी आई," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक. वडील लहानपणीच गेले. आई पणजीला एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायची. एकसष्टच्या डिसेंबरात, आपलं सैन्य यायच्या आधी, त्या घरची बायकामुलं बोटीत बसली. धाकटी पोर आईच्या कुशीशिवाय झोपेना, म्हणून आईलाही नेलं, दोन महिन्यांत परत पाठवू म्हणून. मग वाटच बंद झाली. तिच्याजवळ ना कागद, ना पैसा. गावात काकांनी जाहीर केलं की फिरंग्यांबरोबर गेली ती आपल्याला मेली, आणि नदीवर जाऊन तिच्या नावानं अंघोळ केली.

"मी साठ साली इथे आलो ते पोर्तुगीज पासपोर्टवर. मागून भारताचा घेतला. जुना टाकला नाही, तिकडे सीमेवर तोच दाखवतो." त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून दोन्ही काढून तंबूवर ठेवले. "तिच्या मालकांच्या घरी मला उतरता येत नाही. म्हणून त्यांच्या शेताच्या हद्दीवर तंबू. दुपारी घर निजलं की ती येते. तासभर. एक दिवस ठिणगी पडून कापड जळालं, तर रोज थोडं थोडं शिवत बसली. बोलण्यापेक्षा शिवणंच जास्त."

उल्कानं दोन्ही पासपोर्ट उघडून पाहिले. दोन्हीत तोच चेहरा, तीच घाबरी नजर. तरी तिचं मन एकदम मोकळं होईना. इतके महिने खोटं बोललेला माणूस खरंही तितक्याच शांतपणे सांगू शकतो.

"त्यांना माझ्याबद्दल सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

त्यानं मान खाली घातली. "म्हणाली, मुलीला आधी माझं सांग. मग तिला विचार."

"आणि तुम्ही येऊन चादरीवर शेळ्या दाखवल्यात."

"तुझ्या बाबांचा गुडघा डोळ्यांपुढे येतो," तो म्हणाला. "दुसरा पासपोर्ट कळला तर ते मला दारात उभं करतील का? आणि आईचं कळलं, तर काकांसारखेच बोलतील."

बाबा काय बोलतील ते उल्कालाही माहीत नव्हतं. पण एवढं तिला कळलं, की हा माणूस दर वर्षी खुंटे शिरत नाहीत अशा मातीवर बारा दिवस पडून राहतो, दिवसातल्या एका तासासाठी. यात लपवलेलं होतं, पण घाण नव्हतं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा: जिवंत बाईला त्यानंही 'नाही' म्हटलं होतं, काकांइतक्याच सहज.

ती खाली गेली आणि निळं हवाई पत्र व पेन घेऊन वर आली. माळ्यावरच्या एका जुन्या सूटकेसवर कागद सपाट केला.

"बाबांना तुम्ही लिहा. तुमच्या हातानं. दोन्ही पासपोर्ट लिहा, आणि आई लिहा."

"ते नको म्हणाले तर?"

"मग मी त्यांच्याशी भांडेन. पण खोट्याच्या बाजूनं मला भांडता येणार नाही."

श्रीनाथनं साष्टांग नमस्कार लिहिला, तारीख लिहिली आणि थांबला. खाली रस्त्यावरून सायकलींच्या घंटा जात राहिल्या. शेवटी त्यानं लिहिलं, 'माझी आई सुभद्राबाई केंकरे हयात आहे', आणि हयात या शब्दाखाली रेघ ओढली.

आईचं नाव उल्का पहिल्यांदाच वाचत होती.

तो पुढे भराभर लिहीत सुटला, ओळी दाटीवाटीनं, कागदाच्या तळाशी येऊ लागल्या. उल्कानं त्याच्या मनगटावर हात ठेवून पेन थांबवलं.

"खाली चार ओळी सोडा," ती म्हणाली. "होकार मला लिहायचा आहे."