क्रेगसाठीची दोन मिनिटं

"एकच वाक्य बोला, एवढंच माझं म्हणणं आहे," मॉरीन सग्डन म्हणाली. "या मुलाला आम्ही परीक्षेच्या तोंडावर शाळेतून काढलं होतं. मग खुशाल वाचा त्याचं नाव."

शाळेच्या सभागृहाबाहेर चहा चालला होता. मुख्याध्यापक व्हिटलॉक यांनी कोटावरचं, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ लावलेलं कागदी पॉपीचं फूल सरळ केलं.

"मिसेस सग्डन, आजचा दिवस त्यासाठी नाही."

"मग कुठला? तारीख सांगा, मी रजा टाकते."

"आज आपल्याला क्रेगचा अभिमान वाटतोय, तर..."

"आपल्याला? म्हणजे तुम्हाला आणि मला?"

तिची बहीण जीन बाही ओढत म्हणाली, "चल गं आत. लोक बघतायत."

"बघू देत."

मॉरीनचा मुलगा क्रेग गणितात कच्चा होता आणि वर्गात बडबड्या. त्याच्या गुणांनी शाळेचा निकाल खाली आला असता. तेव्हा उपमुख्याध्यापक असलेल्या व्हिटलॉकनी मॉरीनला बोलावलं आणि घरी राहून केलेला अभ्यास त्याला जास्त मानवेल, असं गोड शब्दांत सांगितलं. बस चालवून थकलेल्या मॉरीनने वर त्यांचे आभार मानले. पटावरून नाव गेलं आणि क्रेग परीक्षेला बसलाच नाही. गुण न विचारता त्याला घेणारं एकच दार निघालं, सैन्याचं. एकोणिसाव्या वर्षी अफगाणिस्तानातल्या एका रस्त्यावर तो मारला गेला. शाळेकडून साधं सांत्वनाचं कार्डही आलं नाही. यंदा मात्र शाळेने युद्धात पडलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावांचा, ओकच्या लाकडाचा नवा फलक केला. त्यावर दुसऱ्या महायुद्धानंतरचं एकही नाव नव्हतं, ते बरं दिसेना. तेव्हा कुठे त्यांना क्रेग आठवला.

या शाळेची रीत जुनी आहे. नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनी दरवर्षी युद्धात मेलेल्या माजी विद्यार्थ्यांची हजेरी घेतात. नाव वाचलं की आजचा एखादा विद्यार्थी उभा राहतो आणि त्याच्या वतीने ओ देतो.

"क्रेग सग्डन," व्हिटलॉकनी मंचावरून शेवटचं नाव वाचलं.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली. "हजर, सर."

मॉरीनने मान वळवून मुलीकडे पाहिलं. ज्याचं नाव पटावरून खोडलं, त्याची हजेरी!

मग मृतांसाठी दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. या दोन मिनिटांत जो तो खोकलासुद्धा दाबून धरतो. मॉरीन स्वतः दरवर्षी बस कडेला घेऊन इंजिन बंद करायची आणि एखादा प्रवासी कुजबुजला तर आरशातून डोळे वटारायची.

ती उभी राहिली.

"क्रेग हजर नव्हता," ती म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती. "फेब्रुवारीत तुम्ही त्याला घरी बसवलंत. तो रोज गणवेश घालून खिडकीत बसायचा. शाळेतून बोलावणं येईल म्हणायचा."

जीनने तोंडावर हात ठेवला. पहिल्या रांगेतले पाहुणे ताठ बसून समोर बघत राहिले. तिला गप्प करायचं तर कोणाला तरी बोलावं लागलं असतं, आणि ते पाप कोणाला करायचं नव्हतं.

वेण्यांची मुलगी रडवेली होऊन मॉरीनकडे बघत होती.

"तू बस, बाळा. तुझी काही चूक नाही."

मुलगी बसली.

"माझा मुलगा यांनी निकालासाठी टाकला," मॉरीन म्हणाली, "आणि आता फलकासाठी उचलला. जिवंत होता तेव्हा आकडा खराब करत होता. मेल्यावर..."

"पुरे!" व्हिटलॉक माइकवरच ओरडले. "पुरे, मिसेस सग्डन!"

सभागृहभर तो आवाज घुमला. छातीवर पदकं लावलेल्या एका म्हाताऱ्या सैनिकाने मान वळवली, ती मॉरीनकडे नाही, मंचाकडे.

"शांतता आता तुम्हीही मोडलीत," मॉरीन म्हणाली. "मग ते वाक्यही बोलून टाका. आम्ही ऐकतोय."

ती बसली नाही. व्हिटलॉकनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर पुढे फक्त राष्ट्रगीत होतं.