दोरा दिसणारी उडती तबकडी

मी एक जुनी उडती तबकडी आहे. दचकू नका मित्रांनो, मी आजवर कधी उडलेली नाही. लटकले मात्र पुष्कळ.

माझा जन्म रोमजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पातेल्याची दोन झाकणं तोंडाला तोंड लावून जोडली, वर लिंबू पिळायचं काचेचं भांडं पालथं घातलं, कडेने कोटाची बटणं चिकटवली, की झाले मी तयार. काळी बटणं कमी पडली म्हणून एक तपकिरी लावलं. माझ्या कारागिराकडे पैसा नव्हता, वेळ नव्हता आणि अंतराळाची माहितीही नव्हती. तिन्हींची भरपाई त्याने रुपेरी रंगाने केली.

आमच्या त्या इटालियन चित्रपटांत उणिवा होत्या, हे कोणी नाकारत नाही. काळ्या पडद्याला भोकं पाडली की तारे. कारागिराने बाजूने सिगारेटचा धूर सोडला की परग्रहावरचं वादळ. शास्त्रज्ञ जागचे हलत नसत, कारण ते हलले की प्रयोगशाळेची भिंतही हलायची. आवाज मागाहून भरलेले, त्यामुळे नायकाने तोंड मिटलं की त्याचं वाक्य सुरू व्हायचं. गोष्ट मध्यावरच संपायची. उरलेला वेळ सगळे एकाच बोगद्यातून धावत. शत्रूची तबकडीही मीच, उलटी धरलेली. म्हणजे मी स्वतःलाच नष्ट केलं आहे.

पण हिरव्या-जांभळ्या उजेडात, त्या धुरातून मी खाली उतरू लागले की थिएटरातला खोकलासुद्धा थांबायचा. असं का व्हायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

सांगलीच्या एका थिएटरात असाच श्वास रोखून बसलेला एक शाळकरी मुलगा होता. त्याचं नाव विलास.

पुढे चित्रपटांना संगणक मिळाले आणि मला खोकं मिळालं. एका आयरिश संग्राहकाने मला डब्लिनला आणलं. तो गेल्यावर त्याच्या भाचीने मला चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, दिलं. तिथे टोस्टर आणि कापसाचं अस्वल यांच्यामध्ये बसलेली असताना, गेल्या ऑक्टोबरात, मला विलासरावांनी पाहिलं. आता सत्तरीचे झालेले, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागात मुलाकडे मुक्कामाला आलेले. तपकिरी बटणावरून त्यांनी मला ओळखलं. असा योगायोग चांगल्या चित्रपटात चालला नसता. आमच्यात चालायचा.

घरी त्यांच्या पत्नीने, प्रमोदिनीबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं. "अहो, ही झाकणं आहेत. खालचं आपल्या दुधाच्या पातेल्याला बसेल." त्यांनी बसवून पाहिलं. बसलं.

सून अस्मिता स्वभावाने गोड, पण फ्लॅट लहान. "बाबा, मस्त आहे, पण ठेवायची कुठे? प्रेसमध्येसुद्धा जागा नाही." इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, इस्त्री शोधू नका. शेवटी असं ठरलं, की नातीला आवडली तर तिच्या खोलीत, नाहीतर शनिवारी परत दुकानात.

नात म्हणजे इरावती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या इंग्रजीत. तिचं बोलणं मी मराठीत सांगते. ओठ जुळले नाहीत तर सांभाळून घ्या, आमच्याकडे ती रीतच होती.

शुक्रवारी संध्याकाळी विलासरावांनी लॅपटॉपवर तो चित्रपट शोधून काढला आणि तिला शेजारी बसवलं. मी टेबलावर होते. पडद्यावर मी उतरू लागले.

"आजोबा, दोरा दिसतोय."

विलासरावांनी चष्मा पुसला. "मला तेव्हा नव्हता दिसला गं," ते म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांना दोऱ्याशिवाय काहीच दिसेना. चित्रपट त्यांनी अर्ध्यावर बंद केला.

शनिवारी सकाळी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून दाराशी ठेवलं आणि ते कोट घालायला गेले. तेवढ्यात प्रमोदिनीबाईंनी पूजेला उदबत्ती लावली. त्या धुराकडे इरावती बघत राहिली. मग तिने मला सोडवलं, आजीच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बांधलं आणि आणखी उदबत्त्या मागितल्या. नात आपणहून उदबत्ती मागते म्हटल्यावर प्रमोदिनीबाईंना भरून आलं. त्यांनी अख्खा पुडा लावून दिला.

टॉर्चवर जांभळा ब्लाउजपीस ताणून इरावतीने उजेड पाडला, आणि कित्येक वर्षांनी मी धुरातून खाली उतरू लागले. यावेळी वादळाला चंदनाचा वास होता. विलासराव एक बाही घातलेल्या कोटात दारात उभे राहिले. ते खोकले नाहीत.

खोकला तो छताला लावलेला धुराचा अलार्म. धूर बाहेर जावा म्हणून विलासरावांनी फ्लॅटचं दार उघडलं. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, की अशा वेळी खिडकी उघडायची, पॅसेजचं दार कधीच नाही. पाहुण्यांना ठाऊक नसतं. धूर पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत गेला आणि सबंध इमारत बोंबलू लागली.

सगळे बिऱ्हाडकरू सपातांनिशी खाली, भुरभुर पावसात. मुलगा केदार लॅपटॉप घेऊन, अस्मिता पासपोर्टची पिशवी घेऊन, प्रमोदिनीबाई गणपती घेऊन. आगीच्या बंबावरच्या माणसाला केदारने पूजेचं सांगितलं. त्याने हे पूर्वीही ऐकलेलं असावं. 'ग्रँड', म्हणजे इकडचं 'ठीक आहे', एवढं म्हणून तो वर गेला.

"इरा, एवढ्या घरातून तू हे उचललंस?" अस्मिताने विचारलं.

इरावतीच्या हातात मी होते, दोऱ्यासकट. तिने हात उंच केला. सँडीफोर्डच्या राखाडी आभाळाखाली मी हळूहळू फिरू लागले. आजूबाजूचे लोक कुरकुर थांबवून वर बघू लागले.

"आजोबा, आता दिसतोय?"

काळा जाड दोरा, वर पांढुरकं आभाळ. विलासरावांनी नीट, बराच वेळ पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

आता मी इरावतीच्या खिडकीत लटकते. माझ्या बदल्यात तिचं एक दिवे लागणारं, आपोआप बोलणारं रॉकेट दुकानात गेलं. त्याच्यात काहीच दोष नव्हता, बिचाऱ्याच्या.

मित्रांनो, घरातलं कोणी म्हातारं माणूस तुम्हाला एखादी जुनी वस्तू कौतुकाने दाखवील. तिचा दोरा तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे डोळे चांगले आहेत. दिसू द्या. पण दुकानाची वाट धरण्याआधी एकदा ती टांगून बघा. आणि उदबत्त्या लावणार असाल तर खिडकी उघडा. दार नको.