पुठ्ठ्याआडचे तीन

मी एक पुठ्ठा बोलतोय. जन्म इंडस्ट्रियल एरियातल्या एका शोरूममधला, फ्रिजच्या खोक्याचा. माझ्यावर बाण काढून ‘ही बाजू वर’ असं छापलंय. रघुवीरनं मला कापलं, घड्या घातल्या आणि उलटंच उभं केलं. नियमांचा एवढा कट्टर माणूस. खोक्यावरच्या सूचना त्यात बसत नसाव्यात.

चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या त्याच्या खोलीत दर रविवारी दुपारी त्याचा, ऋजुताचा आणि ओजस्विनीचा खेळ चाले. प्रत्येकानं एक काल्पनिक माणूस व्हायचं आणि त्याचं पुढं काय होणार ते वीस पैलूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट रघुवीर सांगे, फासा माझ्याआड टाके. आकडा त्याला दिसे आणि मला.

एकदा ऋजुताची जादूगारीण एका आकड्यानं कमी पडून मेली. दोन वर्षं जपलेलं पात्र. एकाचाच तर फरक आहे, असं ती म्हणाली. रघुवीरनं नियमांचं पुस्तक उघडून पान दाखवलं. फक्त जावक क्रमांक घालायचा राहिला. पुढचे चार रविवार ऋजुता आली नाही. नियम शाबूत राहिले, पण उरलेल्या दोघांत खेळ रंगेना.

मग ओजस्विनीच्या बाबांची बदली झाली. हवाई दलाची नोकरी. चंदीगडहून थेट जोरहाट. तिचा शेवटचा रविवार म्हणून ऋजुता आली. रघुवीरशी मात्र एक शब्द बोलली नाही.

आणि नेमकी ओजस्विनीची तिरंदाज तुटत्या पुलावर अडकली. दहा किंवा वर पडले तरच वाचणार. फासा गडगडत माझ्या पायाशी थांबला.

तीन.

रघुवीर फाशाकडं बघत राहिला. खरं सांगितलं तर शेवटचा रविवार नासणार. खोटं सांगितलं, तर माझ्या वेळी पुस्तक कशाला काढलंस, असं ऋजुता विचारणार.

“बोल ना यार,” ओजस्विनी म्हणाली. “मर गई क्या?”

ऋजुता पाण्याची बाटली घ्यायला उठली. बाटली रघुवीरच्या मागं होती. तिनं दोन घोट घेतले, वाकून फाशाकडं पाहिलं. रघुवीरनं मान वर केली.

“बारा,” ऋजुता म्हणाली. “वाचता येत नाही का रे तुला?”

रघुवीरनं फासा मुठीत घेतला. “बारा,” तो म्हणाला.

आता ओजस्विनी जोरहाटहून फोनवर खेळते. फोन मलाच टेकवून ठेवतात. मी अजून उलटाच आहे. पुस्तक कपाटावर असतं, अडलं की उतरतं.

मधूनच ती विचारते, “सच में बारा होते ना?” दोघं जरा जास्तच लगबगीनं हो म्हणतात.

तुम्हाला ती कधी भेटली, तर कृपा करून बाराच सांगा.