कडक साचा

धुळ्याच्या बियाणे संघात शहाण्णव साली सर्व्हर आला तेव्हा त्याच्यापुढे नारळ फुटला, त्याला हार पडला, पेढेही वाटले गेले. फक्त त्याला कुलूप लावायचं कुणालाच सुचलं नाही. विकणाऱ्या माणसाने यंत्र खोक्यातून जसं निघालं तसंच चालू करून दिलं आणि चहा पिऊन तो निघून गेला. त्या यंत्रात ‘डेमो’ नावाचं एक खातं आयतंच होतं, आणि त्याला पासवर्ड नव्हता.

हे पहिल्यांदा कळलं ते दोन वर्षांनी, झुलालला. झुलाल संघातला ऑपरेटर, शिंदखेड्याकडचा, बोलका आणि भारी उचापती. त्याने डेमोमधून आत शिरून कपाशीच्या बियाण्याच्या यादीत आपलं अख्खं गाव सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. पकडला गेल्यावर म्हणतो कसा, "दार उघडंच व्हतं आबा, मी नुस्ता डोकावनू."

चेअरमन चुडामण आबांनी त्याची बिनपाण्याने केली. मग त्यांनी रुपचंदला बोलावलं. रुपचंद जळगावला कॉम्प्युटर शिकून आलेला, संघाचं यंत्र सांभाळणारा, पण वर्षभर हंगामीच.

"बठ्ठं बंद कर, येक बी दार उघडं नको," आबा म्हणाले. "बियानं वाटप नीट व्हयनं का त्याच दिन तुले कायम करसू."

रुपचंदला ‘कायम’ या शब्दाने घाम फुटायचा. पाचोऱ्याच्या मंडळींनी मुलगी द्यायचं कबूल केलं होतं, पण कायम झाल्याची ऑर्डर बघूनच. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. तेव्हा गडी झपाटल्यासारखा कामाला लागला.

सर्व्हरमध्ये सुरक्षिततेचे चार तयार साचे होते: ढिला, नेहमीचा, सुधारित आणि कडक. एक निवडला की सगळे नियम आपोआप लागू. आजवर ढिला चालू होता. रुपचंदने फार डोकं चालवलं नाही. ढिल्याने घात केला, तर कडक घ्यावा, हा त्याचा हिशेब. वाटपाच्या आदल्या रात्री बसून त्याने डेमो उडवलं, बिनकामाची खाती बंद केली, प्रत्येकाला आठ अक्षरी पासवर्ड दिला. कडक साच्यात आणखी एक नियम होता: आत येताना तीनदा चुकलं की ऑपरेटरपुढचा पडदा, म्हणजे टर्मिनल, बंद.

वाटपाच्या दिवशी सकाळी आठलाच अंगणात दोनशे माणूस. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेल्या दिवालीबाई खिडकीशी पहिल्या होत्या. त्यांचा ट्रक दोन वाजता परत निघायचा होता. आत झुलालसह पाच ऑपरेटर पाच टर्मिनलांपुढे बसले, आणि दहा मिनिटांत पाचही टर्मिनलं बंद पडली.

रुपचंदने सर्व्हरच्या काचेच्या खोलीतून ती उघडून दिली. दहा मिनिटांत पुन्हा बंद! सर्व्हर सांगत होता, चुकीच्या नावाने शिरायचे प्रयत्न झाले. रुपचंदचं डोकं सणकलं. कोणीतरी आतलंच माणूस दार ढकलून बघतंय, आणि असा माणूस संघात एकच.

"झुलालशिवाय कोण असणार?" तो आबांना बोलून गेला.

झुलाल उभा राहिला. "आईनी आन, मी हात लावं नही!" पण आदल्या महिन्याची करणी ताजी होती. आबांनी त्याला बाहेर काढलं आणि उद्यापासून यायचं नाही असं सांगितलं. रुपचंदने त्याचं खातंही लगेच बंद केलं, आणि खरं सांगायचं तर करताना त्याला बरंच वाटलं.

टर्मिनलं उघडली. झुलाल बाहेर चहाच्या टपरीवर बसलेला. आणि दहा मिनिटांत पुन्हा सगळं ठप्प.

आता मात्र रुपचंद खुर्ची ओढून कुंदाबाईंच्या शेजारी बसला. कुंदाबाई हेडक्लार्क. बाकी चौघांना टर्मिनल शिकवलं ते त्यांनीच. "माझ्यादेखत सुरू करा," तो म्हणाला.

कुंदाबाईंनी हात जोडले. पडद्यावर नाव विचारणारी रिकामी ओळ होती. त्यांनी त्या ओळीत ‘श्री’ टाइप केलं आणि बटण दाबलं. सर्व्हर म्हणाला, चूक. मग बाईंनी आपलं नाव घातलं, आठ अक्षरी पासवर्डात एक अक्षर चुकल्या. "आरंभच बिघडला," असं म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून ‘श्री’ टाइप केलं. तिसरी चूक. टर्मिनल बंद.

"हे रोज करता?"

"पहिल्या दिवसापासून! सगळ्यांना शिकवलंच तसं. कोरं पान समोर आल्यावर वर श्री नको?"

ढिल्या साच्याने हे श्री दोन वर्षं मुकाट गिळलं होतं. कडक साचा एकेक मोजत होता. आता बाईंना श्री सोडा म्हणायचं? रुपचंदची काही छाती झाली नाही, आणि मनातून त्याला ते पटतही नव्हतं. नाव विचारण्याआधी सर्व्हर चार ओळी दाखवतो, तिथे त्याने मधोमध ‘श्री’ लिहून टाकलं. तीन चुकांच्या जागी पाच केल्या. बाकी कडकपणा होता तसाच ठेवला.

"अगोबाई, लिहिलेलंच आहे की!" म्हणत कुंदाबाईंनी थेट आपलं नाव घातलं. खिडक्या धडाधड चालू झाल्या. दिवालीबाई पिशवी डोक्यावर घेऊन बारालाच ट्रककडे गेल्या.

आबांनी रुपचंदच्या पाठीवर थाप मारली. "चोर गया आनि काम सुरू व्हयनं! चार वाजता मीटिंग शे, तुन्ही ऑर्डर करसू."

खरं काय ते एकट्या रुपचंदला ठाऊक होतं. गप्प बसला असता तर पाचोऱ्याला त्याच संध्याकाळी तार गेली असती. "आबा, चोर नव्हताच," तो म्हणाला. "आपली माणसं कशी काम करतात ते न बघता मी साचा चढवला. झुलालवर उगाच आळ घेतला. चूक माझी."

आबा म्हणाले, "माले काय सांगस? त्याले सांग."

रुपचंद टपरीवर गेला आणि भरल्या माणसांत झुलालची माफी मागितली. झुलालचे डोळे लाल होते. पण तो उठून आत आला. रुपचंदने त्याचं खातं उघडलं आणि म्हणाला, "नवा पासवर्ड घाल, तुझ्या मनाचा."

झुलालने बोटं कळांवर ठेवली आणि थांबला. "तोंड तिकडे कर."

संघातलं कुठलंही खातं उघडू शकणारा रुपचंद भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाकी चौघे ऑपरेटर बघत होते, खिडकीतली माणसंही बघत होती. झुलाल सावकाश, एका बोटाने, आठ अक्षरं घालत होता. तो झालं म्हणेपर्यंत रुपचंद हलला नाही.

दारातून आबांचा आवाज आला, "आते व्हयना हाऊ रुपचंद कायम."